रोहू रुसला, तर गळ तळाला

झाशीहून कानपूरच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर गेले की परीछा लागते. इंग्रजांनी १८८० च्या दशकात बेतवा नदीवर इथे बंधारा घातला आणि कालवे काढले. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून सरोवर झाले आहे. खाली ग्रॅनाइटच्या खडकांमधून नदीचे डोह सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत या काठावर गळ टाकून बसलेली माणसे दिसतात आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच असते : रोहू खात नाही. सत्तूचा गोळा लावून झाला, कणकेत मध आणि बडीशेप मळून झाली, बुचाची खोली पुन्हा पुन्हा बदलून झाली. बूच हलते ते फक्त चेलव्यासारख्या बोटभर माशांच्या टोचण्याने.

अशा दिवशी कुणी हट्टाने दुपारपर्यंत तसेच बसून राहतात, कुणी गाशा गुंडाळून घरची वाट धरतात. दोन्हींची गरज नसते. त्याच डोहात, पण थेट तळाशी, एक उत्तम मासा वावरत असतो. झाशीच्या मासळी बाजारात त्याला सिंघाडा म्हणतात. रोहू रुसला की त्याच्याकडे वळावे. मात्र वळायचे तर लवकर वळावे आणि पुरते वळावे. रोहूसाठी मळलेला तोच गोळा दोन हात खाली सोडला म्हणजे बदल झाला, असे मानणारे संध्याकाळी रिकाम्या हातानेच परततात.

महाराष्ट्राला हा मासा परका नाही. कर्नल विल्यम साईक्स यांनी दख्खनच्या नद्यांतले मासे नोंदवताना १८३९ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि स्थानिक लोकांच्या तोंडचे नावच त्याला दिले. पुढे त्याचा गट अनेकदा बदलला. फ्रान्सिस डे यांच्या ग्रंथात तो मॅक्रोनेस होता, मग मिस्टस झाला, मग एओरिक्थिस. आज शास्त्रज्ञ त्याला स्पेराटा सीनघाला म्हणतात. भीमा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतही तो आहे, त्यामुळे झाशीच्या निमित्ताने इथे सांगितलेली बहुतेक युक्ती उजनी किंवा जायकवाडीच्या काठावरही चालते. कोकणात शिंगाळा म्हणतात तो मात्र समुद्रातला, वेगळ्या कुळातला मासा.

सिंघाडा ओळखायला सोपा आहे. अंगावर खवले नाहीत, रंग पाठीला करडा आणि पोटाला रुपेरी, मुस्कट फावड्यासारखे चपटे, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. पाठीच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या अलीकडे, एक मऊ मांसल पर असतो आणि त्याच्या टोकाशी काळा गोल ठिपका. त्याचा सख्खा भाऊ स्पेराटा एओर याच पाण्यात राहतो. त्याच्यावरही ठिपका असतो, पण मिशा शेपटीच्या बुडापर्यंत पोचतात. गळाच्या दृष्टीने दोघांत फरक नाही. सिंघाडा दीड मीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत. हौशी माणसाच्या गळाला बहुधा एक ते तीन किलोचा लागतो आणि एवढा मासासुद्धा हाताला चांगलीच ओढ देतो.

इतका चांगला मासा मागे का पडला? एक कारण महाशीर. हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि तेव्हापासून हिंदुस्थानात गळ टाकणाऱ्या साहेबांच्या मनात महाशीरने जे घर केले ते कायमचे. मिशीवाल्या माशांना त्या वर्तुळात दुय्यम जागा मिळाली. झाशी हे मोठ्या छावणीचे गाव, त्यामुळे ती आवडनिवड इथेही रुजली. दुसरे कारण गैरसमजाचे आहे. तळाचा मासा म्हणजे घाण खाणारा, असे अनेक घरांत आजही म्हणतात. सिंघाडा तसा नाही. तो शिकारी आहे. लहान मासे, कोळंबी, पाण्यातले किडे आणि त्यांच्या अळ्या हे त्याचे खाणे. तळाशी तो दबा धरून बसतो, म्हणून त्याचा पत्ता तळाचा.

धरणांनीही चित्र बदलले. महाशीरला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि अंडी घालण्यासाठी नदीत वरपर्यंत जाता यावे लागते. बेतवावर परीछानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी सुकवाँ-ढुकवाँचा बंधारा झाला, १९५० च्या दशकात माताटीला धरण उभे राहिले आणि नंतर ललितपूरकडे राजघाट झाले, ज्याला ‘रानी लक्ष्मीबाई सागर’ असेही नाव आहे. प्रत्येक भिंतीने महाशीरची वाट अडवली. सिंघाडा साठलेल्या पाण्यातही तगतो. विणीच्या काळात तो तळात खड्डा करतो आणि नर त्या खड्ड्याची राखण करतो. ज्या पाण्याची हौशी माणूस ‘आता काही उरले नाही’ म्हणून हेटाळणी करतो, त्या पाण्यात सिंघाडा नांदत असण्याची शक्यता चांगली असते.

बदल केव्हा करायचा याला घड्याळापेक्षा पाण्याची खूण महत्त्वाची. रोहू आणि मृगळ खाऊ लागले की तळातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येतात, अधूनमधून पाठ दिसते, पाण्यावर वळसा उठतो. चारा टाकून तासदीड तास झाला, तरी यांतले काहीच नसेल, तर पुढचे तीन तास वाट पाहून उपयोग नाही. थंडीत पाणी अठरा-वीस अंशांच्या खाली उतरले की रोहू-कटल्याची भूकच मंदावते. कितीही सुगंधी गोळा ती परत आणत नाही. सिंघाड्याचीही हालचाल थंडीत कमी होते, पण मासळी खाणारा प्राणी असल्याने तो समोर आलेला घास सहसा सोडत नाही. त्याची खरी वेळ कातरवेळ. जानेवारीत झाशीला साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. म्हणून तीन वाजण्यापूर्वी निर्णय घ्यावा, म्हणजे नवी जागा शोधून, साहित्य बदलून, आवाज न करता स्थिरावायला वेळ मिळतो.

आणखी एक प्रसंग असा की त्या दिवशी तर सुरुवातच सिंघाड्यापासून करावी. वरच्या धरणातून पाणी सोडले आणि नदी गढूळ झाली की डोळ्यांनी खाणे शोधणारे मासे बावचळतात. सिंघाड्याचे काम मिशांवर चालते. त्यांवर चव ओळखणारी इंद्रिये असतात आणि गढूळ पाण्यात तो दिवसाउजेडीही कपारीतून बाहेर पडतो.

जागा निवडणे हा या सगळ्या खटाटोपाचा निम्मा भाग आहे. रोहूसाठी निवडलेली सपाट, मऊ मातीची, उथळ जागा सिंघाड्याच्या कामाची नाही. त्याला कडा लागते : उथळ खडक संपून डोह सुरू होतो ती, नाल्याचे तोंड नदीला मिळते ती, जलाशयात बुडालेल्या जुन्या पात्राची. माताटीलासारख्या मोठ्या पाण्यात हे जुने पात्र डोळ्यांना दिसत नाही, पण शोधता येते. गळ न लावता नुसते शिसे फेकावे आणि ते टेकून दोर सैल पडेपर्यंत मनात आकडे मोजावेत. थोडे पुढे, थोडे डावीकडे, असे पंख्याच्या आकारात फेकत जावे. आकडा एकदम वाढला की तिथे कडा आहे. मग शिसे हळूहळू ओढून पाहावे. टकटक लागले तर खडक, जड ओढले तर चिखल, सुळकन आले तर वाळू. खडकाला लागून असलेली वाळू मिळाली, तर तिथेच बसावे. जागेचा हा शोध लावणे कंटाळवाणे वाटते आणि म्हणूनच बहुतेक जण तो टाळतात. पण त्याच्यावर घालवलेला अर्धा तास संध्याकाळी भरून निघतो.

उन्हाळ्यात मात्र सर्वांत खोल जागेचा मोह आवरावा. एप्रिल-मेमध्ये झाशीचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तापलेल्या, स्थिर जलाशयात वरचे कोमट पाणी आणि खालचे थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही आणि तळाशी प्राणवायू संपत जातो. त्या दिवसांत तीन ते सहा मीटरांवरचा उतार बरा, आणि वेळ पहाटेची.

आता साहित्य. सात-आठ फुटांची कणखर काठी, चांगले रीळ आणि ०.४० ते ०.४५ मिलिमीटरचा तंगूस एवढ्यावर काम भागते. बूच काढून ठेवावे. मुख्य दोरावर भोक असलेले शिसे ओवावे, म्हणजे मासा आमिष घेऊन निघाला तरी त्याला वजन जाणवत नाही. दोर शिशातून सरकत राहतो. शिशाखाली फिरकी, फिरकीला दीड-दोन फुटांचा जाड दोर आणि त्याच्या टोकाला गळ. स्थिर पाण्यात तीस ग्रॅमचे शिसे पुरते. ओढ असेल तर साठ लागते. बेतवाच्या खडकांत शिसे अडकणे अटळ आहे, म्हणून तिथे ते दोरात ओवण्याऐवजी फिरकीला वेगळ्या, कच्च्या धाग्याने लटकवावे. अडकलेच तर तो धागा तुटतो आणि मासा, गळ, दोर सगळे वाचते.

गळ एक किंवा दोन शून्य मापाचा, शक्यतो आत वळलेल्या टोकाचा म्हणजे सर्कल हूक घ्यावा. तो बहुधा ओठाच्या कोपऱ्यात लागतो, घशात जात नाही. जो मासा सोडून द्यायचा आहे त्याचा जीव यामुळे वाचतो.

आमिषाच्या बाबतीत कणीक पूर्ण विसरावी. गांडुळांचा झुपका, सोललेली कोळंबी, कोंबडीची काळिजे किंवा सकाळी रोहूच्या गोळ्याला सतावणाऱ्या त्या चेलव्याचीच तिरपी कापलेली फोड यांपैकी काहीही चालते. यांत चेलव्याची फोड सर्वांत उत्तम, कारण सिंघाडा त्या पाण्यात रोज तेच खातो. काळीज मऊ असते, फेकताना उडून जाते. त्याला शिवणकामाच्या दोऱ्याचे चार वेढे द्यावेत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी आमिष नवे लावावे. पाण्यात धुऊन पांढरी पडलेली फोड वास देत नाही आणि सिंघाड्याला वाटच सापडत नाही. बाहेरून आणलेला जिवंत मासा आमिष म्हणून वापरू नये, थाई मांगूर तर मुळीच नाही. या परदेशी माशाच्या पैदाशीवर आणि विक्रीवर भारतात बंदी आहे. नदीत सुटला तर तो इथल्या माशांचा फडशा पाडतो.

सिंघाड्याचा घास आधी दोन-तीन बारीक टिचक्यांनी कळतो. इथे हिसका देण्याची सवय आवरावी लागते. टिचक्या थांबून दोर एका दिशेने ठामपणे सरकू लागला की रीळ फिरवून फक्त ताण घ्यावा. वळलेला गळ आपले काम स्वतः करतो. तोवर रिळाची ओढ सैल ठेवावी, नाहीतर काठीच पाण्यात जाते. लागलेला मासा वर उडी मारत नाही. तो डोके खाली घालून कपारीकडे धावतो. पहिल्या वीस सेकंदांत काठी उंच धरून त्याला कडेपासून तिरपे बाजूला ओढले, तर पुढचे सोपे जाते; खडकाखाली शिरू दिले, तर दोर घासून तुटणार.

काठावर आणताना खरी काळजी घ्यावी लागते. पाठीच्या पराला एक आणि छातीच्या परांना एकेक असे तीन मजबूत काटे असतात. छातीच्या काट्यांना करवतीसारखे दात असतात. मासा घाबरला की ते ताठ उभे राहून अडकून बसतात. नायलॉनच्या जाळीत ते गुंततात, म्हणून रबरी जाळी घ्यावी किंवा ओठ पक्कडीत धरावा. हाताने धरायचेच तर छातीच्या काट्यांच्या मागून, पोटाखालून धरावे. काटा लागलाच तर जखम स्वच्छ धुवावी, सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास हात बुडवून ठेवावा. वेदना त्याने उतरते. त्यानंतर डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. याच पाण्यात सिंघी नावाचा काळसर, बारका मासा मिळतो. त्याचा काटा विषारी असतो आणि दुखणे कितीतरी अधिक, तेव्हा काळ्या अंगाचा मिशीवाला मासा आला तर त्याला उघड्या हाताने शिवूच नये.

तळाला गळ टाकला की सिंघाड्याशिवाय आणखीही बरेच काही लागते, आणि त्यांतले काय सोडायचे हे आधीच ठरवून जावे. मोठ्या तोंडाचा, लांब पात्यासारख्या शरीराचा पढिन, ज्याला इंग्रज गोड्या पाण्यातला शार्क म्हणत, आज जागतिक यादीत धोक्यातल्या माशांत मोजला जातो. अवाढव्य डोक्याचा गूंछही जपावा असाच. महाशीर तर मध्य प्रदेशाचा राज्यमासा. हे तिन्ही परत पाण्यात गेले पाहिजेत, त्यावर वाद नको. कासव लागले तर गळ उपटण्याची धडपड न करता शक्य तितक्या जवळून दोर कापावा आणि त्याला अलगद सोडावे. बेतवातल्या कासवांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि ते बाळगणे हा गुन्हा ठरतो. सिंघाड्यातही एप्रिल ते जूनमध्ये लागलेला मोठा मासा ठेवू नये. तो खड्ड्यावर राखण करणारा नर असेल, तर त्याच्यामागे सगळी पिल्ले उघडी पडतात.

घरी न्यायला एक ते दोन किलोचा मासा सर्वांत चवदार. त्यापुढे मांस जाडेभरडे होते. त्वचेवरचा बुळबुळीतपणा मीठ आणि हळद चोळून, मग कोमट पाण्याने धुऊन जातो. रोहूच्या मांसात लपलेले दुहेरी काटे यात नसतात. मधला कणा काढला की लहान मुलांनाही निर्धास्त देता येतो. उत्तर हिंदुस्थानातल्या ढाब्यांवर मासळीच्या टिक्क्याला सिंघाडा पसंत करतात तो याचमुळे. मराठी स्वयंपाकघरात त्याला कोकणातल्या शिंगाळ्यासारखे आंबट-तिखट मानवते. झाशीत आगळ किंवा कोकम सहज मिळत नाही, तिथे चिंच चालते, आणि झाशीपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे बरुआसागर आल्यासाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा वाटणात आले सढळ घालावे. एक पथ्य मात्र पाळावे. परीछाला १९८० च्या दशकापासून मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा कोणत्याही केंद्राच्या राखेचे पाणी नदीला मिळते त्या भागातला तळाचा मासा खाण्यासाठी ठेवू नये. राखेतले जड धातू तळाच्या गाळात आणि तिथून माशांत साठतात. पकडावा, पाहावा, सोडावा.

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी. माताटीलाला जलविद्युत केंद्र आहे. यंत्रे सुरू झाली की खालच्या पात्रात पाणी बघता बघता चढते, आणि मघाशी कोरडा असलेला खडक बेट होतो. म्हणून धरणाच्या भिंतीजवळ, वीजघराच्या तोंडाशी आणि पात्राच्या मधल्या खडकांवर कधीही बसू नये; काठाकडे परतायची वाट नेहमी मोकळी आणि कोरडी असावी. आणि एकट्याने अंधारात थांबू नये. कातरवेळ टळून तास झाला की गळ आवरावा.

परवानगीचा भाग झाशीत थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण बेतवाचा एक काठ उत्तर प्रदेशात तर दुसरा अनेक ठिकाणी मध्य प्रदेशात पडतो. माताटीलाच्या जलाशयाचेही तसेच. दोन्ही राज्यांचे मत्स्य कायदे वेगळे आहेत. जलाशय आणि नदीचे पट्टे ठेक्याने किंवा मच्छीमार सहकारी समित्यांना दिलेले असतात. तिथे रायकवार, केवट, ढीमर समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगत आली आहेत. आधी त्यांना किंवा ठेकेदाराला विचारावे, असेल ते शुल्क भरावे. त्यांच्याशी गोडीने बोलले तर कडा कुठे आहे हेही बहुधा तेच सांगतात. ओरछ्याला, झाशीपासून सोळा-सतरा किलोमीटरवर, छत्र्यांसमोरचे बेतवाचे पाणी कितीही मोहवत असले तरी तिथून जवळ वन्यजीव अभयारण्य आहे; त्याच्या हद्दीत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय गळ काढूच नये.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, आणि उत्तर प्रदेशातही पावसाळ्यात विणीच्या माशांसाठी आणि पिल्लांसाठी बंदीचे दिवस आहेत. सरसकट जून ते सप्टेंबर गळ घरी ठेवणे हाच या भागातला सोपा आणि योग्य नियम आहे. मुंबईहून पंजाब मेलने झाशीला उतरणाऱ्या मराठी वाचकांनी नोव्हेंबर ते मार्चचा काळ धरावा, मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात परवानगीची चौकशी आधी करावी, आणि सामानात रोहूच्या चाऱ्याबरोबर शिशाची पाकिटे आणि रबरी जाळी न विसरता टाकावी.